आत्येनं मागितलेलं चाक

माझ्या भावाच्या मुलानं, केलेपीनं, आपल्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाला सगळ्या एउआ बेटाला जेवायला बोलावलं, आणि त्या जेवणाचा पहिला घास मी घेतला नाही. पहिला घास माझाच असतो. केलेपीला सख्खी बहीण नाही, त्यामुळे त्या घरात आत्येचा मान माझा, आणि आत्येनं पानाला हात लावल्याशिवाय आमच्याकडे पाद्रीसुद्धा हात लावत नाही. बेटावर अजून त्याचीच बडबड चालते. तोआकासे म्हातारीला गर्व चढला, म्हणतात. गर्व मला पाळण्यापासून आहे, तो आता नव्यानं कुठून चढणार? घास का घेतला नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून सांगते.

केलेपीची लाकडाची वखार आहे. डोंगरावरचं पाइन आणून चिरायचं, फळ्या गाड्यावर रचून एका लांब लोखंडी टाकीत ढकलायच्या, टाकीचं दार मोठं चाक फिरवून आवळायचं आणि आत हिरवं औषध दाबानं भरायचं. औषध लाकडाच्या गाभ्यापर्यंत गेलं की त्या फळीला जन्मात वाळवी लागत नाही. का लागत नाही? कारण लागली की मरते. एवढं समजायला शाळा लागत नाही.

गाडा टाकीतून बाहेर येतो तेव्हा फळ्या ओल्या केसांसारख्या ठिबकत असतात. त्या तशाच उचलून ट्रकजवळ थप्पी लावायचं काम बायकांचं. त्यातली एक माझी लेक, हिंगानो. तिचा नवरा सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेला आणि तिकडंच कुठल्या झाडाखाली बसला, देव जाणे. केलेपी तिला म्हणाला, "ताई, घरचीच वखार आहे, ये." ती गेली.

आधी तिचे तळहात हिरवे झाले. ते मी खोबरेल लावून घासले, गेले नाहीत. मग बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मग एक दिवस ती भाकरफळ सोलत बसली होती, तेव्हा मला तिच्या बोटांच्या सांध्यांवर भोकं दिसली. लहान, गोल, कडा उचललेली, कुणी तापलेला खिळा टेकवल्यासारखी.

"हे काय आहे?"

"काही नाही गं. दुखत नाही."

"भोक पडलंय आणि दुखत नाही?"

"नाही म्हटलं ना. सगळ्यांनाच आहेत."

न दुखणारी जखम मी आयुष्यात पाहिली नव्हती. दुखणारी जखम निदान माणसाला घरी तरी बसवते. ही बसवत नव्हती. ती रोज हिंगानोला वखारीत पाठवत होती आणि रोज थोडी आत शिरत होती.

मी सोआकाईला बोलावून घेतलं. हा वखारीचा मुकादम. केलेपीनंच त्याला औषध कसं हाताळायचं ते शिकायला ऑकलंडला पाठवलं होतं, कारण शिकलेला माणूस दाखवल्याशिवाय औषध विकणारे औषध देत नव्हते. सोआकाई शिकून आला, त्यानं टाकीच्या शेडमध्ये कवटीची पाटी लावली, आणि केलेपीनं त्या पाटीवर आपला रेनकोट टांगला.

"ह्या भोकांचं काय ते खरं सांग," मी म्हटलं.

सोआकाई खाली बघत म्हणाला, "औषधाचीच आहेत, आजी. फळ्या ठिबकायच्या थांबेपर्यंत सिमेंटच्या ओट्यावर राहू द्यायच्या असतात, त्याआधी कुणी उघड्या हातानं शिवायचं नसतं. लांब हातमोजे, गमबूट, जेवायच्या आधी साबणानं हात. आणि उरलेले तुकडे कधी जाळायचे नाहीत. धुरात विष, राखेत त्याहून जास्त."

"हे तू मला सांगतोस. त्याला सांग की."

"दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मला म्हणाला, सोआकाई, परदेशाची हवा डोक्यात गेली असेल तर परत जा तिकडं. आजी, माझा बाप तुमच्या भावाच्या शेतात रताळी खणायचा. मी त्या घरात आवाज चढवणार?"

"तुला आवाज चढवता येत नाही. मला उतरवता येत नाही," मी म्हटलं. "चल माझ्याबरोबर."

वखारीत पोचले तर केलेपी ट्रकच्या पायरीवर उभा राहून बायकांना ओरडत होता. मला बघून खाली उतरला.

"आत्या, तू कशाला आलीस? चिखल आहे इथं."

"चिखल हिरवा का आहे रे?"

त्यानं सोआकाईकडे असं बघितलं की मला सगळं कळलं. "औषध सांडतं थोडं. वखार आहे ही, चर्च नाही."

"बायकांना हातमोजे का नाहीत?"

"दिले होते. मोजे घातले की फळी निसटते, म्हणतात. काम होत नाही."

"तू घाल आणि उचलून दाखव. बघू निसटते का."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. केलेपीची कानशिलं लाल झाली. "आत्या, बोट कुणासाठी थांबत नाही. फळ्या ओट्यावर वाळत ठेवल्या तर नुकुआलोफाचा व्यापारी फिजीवरून माल आणेल. मग ह्या बायका काय खातील? तुझा मान?"

"तुझ्या ओट्याला भेगा आहेत, त्यावर तू ट्रक उभा करतोस. आणि ते उरलेले तुकडे लोकांच्या घरी का देतोस?"

"फुकट जळण देतो! त्यातपण खोट काढणार?"

"सोआकाईचं डुक्कर त्याच राखेत तोंड घालून मेलं."

"म्हातारं डुक्कर होतं."

"तुझ्या लग्नानंतर जन्मलेलं होतं," मी म्हटलं. "तू म्हातारा झालास का?"

आता सगळ्याच बायका हसल्या, हिंगानो सोडून. ती ओठ मिटून फळी उचलत राहिली. केलेपी माझ्या जवळ आला आणि दातओठ खात बोलला, "आत्या, मागशील ते न्यायचा तुझा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. चटया हव्यात, चटया ने. डुक्कर ने. ट्रक हवा तर ट्रक ने, मी चालत जाईन. पण वखार कशी चालवायची ते मला शिकवू नकोस."

मी परत आले. रस्त्यात सोआकाई म्हणाला, "आता माझी नोकरी गेली, आजी."

"नाही जात. तुझ्याशिवाय त्याला औषध कोण विकेल?"

वाढदिवसाच्या आधी आठवडाभर डोंगरावर पाऊस लागून राहिला. सगळं जळण भिजलं. केलेपीची बायको सेनोलिता राजधानीतली, नुकुआलोफाची, तिला सगळं झटपट लागतं. तिनं वखारीतून उरलेल्या तुकड्यांचा एक ट्रक मागवला आणि शेकोट्या पेटवल्या. जमिनीत खणलेल्या उमूच्या भट्ट्याही त्याच तुकड्यांनी तापवल्या. मला हे कुणी सांगितलं नाही. मी अंगणात शिरले आणि डुकरांच्या खालच्या जाळाला हिरवी झाक दिसली. सळया फिरवणारा माणूस खोकून खोकून वाकडा झाला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तरी डुकरावर नारळाचं दूध शिंपडत होता. सोआकाई कुंपणाला धरून उभा होता. माझ्याकडे बघून त्यानं फक्त मान हलवली.

मला चटयांच्या उंच थप्पीवर बसवलं. माझा भाऊ मानासे पलीकडच्या मांडवात, माझ्याकडे पाठ करून. आम्ही वयात आल्यापासून एका छपराखाली बसलो नाही. बहिणीसमोर भावानं तोंड उघडायचं नसतं, आणि मानासे ह्या बाबतीत फार चोख. आम्हांला एकमेकांशी बोलायचं असलं तर मध्ये तिसरा माणूस लागतो.

पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. थोडक्यात आटोपली, कारण डुकराचा वास त्यालाही आला होता. आमेन झालं. माझ्यापुढं सगळ्यात मोठं डुक्कर, अळूसारख्या तारोच्या पानांत गुंडाळलेलं मांस, रताळ्याचा ढीग. सगळ्या मांडवाचे डोळे माझ्या हाताकडे. मी हात मांडीवर ठेवले.

जरा वेळ लोकांना वाटलं, म्हातारी अजून मनातल्या मनात प्रार्थना म्हणते आहे. मग पोरं चुळबुळ करायला लागली. सेनोलिता गुडघ्यांवर सरकत आली.

"आत्या, काही कमी पडलं का?"

"कमी नाही. जास्त पडलंय."

"काय जास्त पडलं?"

"औषध."

तिचा चेहरा पडला. "लोक बघताहेत, आत्या."

"बघू देत. त्यांनी जाळसुद्धा बघायला हवा होता."

मग केलेपी आला. मांडी घालून बसला, डोकं माझ्यापेक्षा खाली ठेवलं, जसं ठेवायचं असतं तसं, आणि त्या खालच्या डोक्यातून फुत्कारला, "माझ्या पोराचा वाढदिवस आहे. आज तरी."

"म्हणूनच. त्याला वर्षाचाच ठेवायचाय का तुला?"

"एक घास घे. एकच. तोंडाला लाव आणि थुंकून टाक."

"मी तोंडाला लावला की हे सगळे खाणार. सोआकाई!" मी हाक मारली, चांगली मांडवाच्या टोकापर्यंत. "ह्या जेवणाबद्दल तू काय शिकून आलास ते मला सांग. मोठ्यानं सांग, मला कमी ऐकू येतं."

मला उत्तम ऐकू येतं. पण आत्येनं विचारलं तर सांगावंच लागतं, त्यात मुकादमाचा काही दोष नाही. सोआकाईनं सांगितलं. आधी पुटपुटत, मग नीट. धूर, राख, तापलेले दगड, त्यावरची पानं. सळया फिरवणारा माणूस ऐकता ऐकता भाकरफळाच्या झाडामागं गेला आणि ओकला. त्या ओकण्यानं जे काम केलं ते माझ्यानं झालं नसतं. आयांनी पोरांचे हात धरून मागं ओढले.

रीत म्हणून मग केलेपीच्या घरच्या बायका चटया आणि साल कुटून केलेलं कापड घेऊन आल्या, माझ्यापुढं अंथरायला. सुंदर होत्या चटया, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "गुंडाळा. मला दुसरं हवंय."

केलेपीनं मान वर केली. "काय हवंय?"

"टाकीच्या दाराचं चाक."

कुणालाच पटकन कळलं नाही. केलेपीला कळलं. चाकाशिवाय दार आवळत नाही, दार आवळल्याशिवाय दाब धरत नाही, दाबाशिवाय औषध फळीत जात नाही.

"आत्या, ते यंत्र आहे. चटई नाही."

"ट्रकसुद्धा यंत्रच असतो. ट्रक तू स्वतःच देऊ केला होतास, ह्या बायकांच्या देखत."

सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. मोठ्या शहाण्या माणसाला मोठ्या मांडवात 'नाही' म्हणता येत नाही, निदान त्या दिवशी तरी त्याला म्हणता आलं नाही. त्यानं सोआकाईला किल्ल्यांचा जुडगा फेकून मारला. सोआकाई पाना घेऊन गेला आणि चाक गडगडवत घेऊन आला. माझ्या नातवंडांनी ते घरी नेलं. लोकांनी कच्ची मासळी नारळाच्या दुधात कालवलेली खाल्ली, कलिंगडं खाल्ली आणि तोंडं वाकडी करून घरी गेले. डुकरं पुरायला सांगितली होती. तीन घरांनी गुपचूप नेली. तीच तीन घरं दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आली नाहीत, आणि का आली नाहीत ते त्यांच्या शेजाऱ्यांनी नाक दाबून सांगितलं.

मला वाटलं होतं केलेपी दोन दिवसांत येईल. आला नाही. त्यानं वखारीच्या फाटकाला कुलूप घातलं आणि बायकांना सांगितलं, "काम माझ्याकडे नाही, आत्येकडे आहे. तिच्या दारात जाऊन मागा."

त्या आल्या. आठ-दहा जणी, पोरं काखेत घेऊन. माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांतली फुसी नावाची एक, तोंडाची फाटकी, पुढं झाली.

"आजी, चाक द्या."

"हात दाखव."

"हात राहू द्या. चुलीवर काय ठेवू ते सांगा."

"हात दाखव म्हटलं ना."

तिनं हात पाठीमागं घेतले. "तुमचं बरं आहे. तुमच्या दारात मान चालत येतो, डुकरं चालत येतात. आमच्या दारात कोण येतं? चार भोकं हातांना पडली तर पडली. पोटाला पडलेलं भोक त्याहून मोठं असतं."

"फुसी, तुझी आई असती तर तुझ्या थोबाडीत मारली असती."

"माझी आई असती तर तिनं तुमच्या थोबाडीत मारली असती!"

तिची आई खरंच मारणारी होती. मी फुसीला आत बोलावलं नाही, पण परसातले तारोचे कंद त्यांना खणून न्यायला सांगितले. त्यांनी खणले आणि मला शिव्या देतच नेले. शिव्या देणाऱ्याला कंद गोड लागत असेल तर माझी हरकत नाही.

घरात हिंगानो बोलत नव्हती. बोलली ती एकदाच, ताट आपटून.

"तू मला विचारलंस का?"

"काय विचारायचं होतं?"

"माझे हात आहेत. काम माझं आहे. मांडवात माझ्या नावानं तमाशा केलास, आता सगळ्या जणी माझ्याकडे बघतात, जशी मीच त्यांची चूल विझवली."

"तुझं नाव मी घेतलं नाही."

"घ्यायला लागतं का? तुझी लेक कोण आहे ते बेटाला माहीत नाही?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं ओढून घेतला. ओढताना एका भोकाची कड फाटली आणि रक्त आलं, आणि तिला तेव्हाही दुखलं नाही. तिनं रक्ताकडे बघितलं, मी बघितलं. मग ती बाहेर निघून गेली. मी चाकाकडे बघत बसले. एवढं मोठं लोखंड, आणि मला ते फेकून द्यावंसं वाटत होतं. पण फेकलं नाही.

सेनोलिता एकदा सगळ्यात जुनी चटई घेऊन आली, तिच्या माहेरची, लाल पिसांच्या काठाची. चटई घ्या, चाक द्या. मी म्हटलं, "तुझ्या आजीनं विणलेली चटई तू लोखंडासाठी विकतेस?" ती रडली. रडू खरं होतं, पण हातमोज्यांचं नाव तिनं काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही.

मग सोआकाई बातमी घेऊन आला. केलेपीनं नुकुआलोफाच्या लोहाराकडून नवं चाक घडवून घेतलं होतं. उद्याच्या बोटीनं येत होतं.

"झालं," सोआकाई म्हणाला. "आता तुमचं चाक तुमच्याकडेच राहील, अंगणात फुलझाड लावायला."

"बोट किती वाजता लागते?"

त्यानं हात जोडले. "आजी, नको."

मानाच्या कामाला जाताना बांधतात तशी मी कमरेला चांगली चटई बांधली आणि धक्क्यावर गेले. बोट लागली, पोती उतरली, कोंबड्यांचे पिंजरे उतरले आणि मग दोन माणसांनी गोणपाटात गुंडाळलेलं चाक उतरवलं. केलेपी ट्रक घेऊन आला होता. ट्रकमध्ये पुढं मानासे बसला होता. मला बघताच त्यानं तोंड समुद्राकडे फिरवलं. फुसी आणि बाकीच्या बायकाही आल्या होत्या, काम सुरू होणार म्हणून. हिंगानो त्यांच्यामागं उभी होती.

मी चाकावर हात ठेवला. "हेही मला हवंय."

केलेपी हसला. "आत्या, पुरे झालं."

"हे मला हवंय, केलेपी."

"आणि मी तिसरं आणलं तर?"

"तिसरंही हवंय. अंगण मोठं आहे माझं."

"नाही," केलेपी म्हणाला.

हा शब्द मी भावाच्या घरातून आजवर ऐकला नव्हता. माझ्या आईनं ऐकला नव्हता, तिच्या आईनं ऐकला नव्हता. धक्क्यावरची माणसं होती तिथं थांबली. फुसीसुद्धा, जी माझ्यावर थुंकायला तयार होती, ती एक पाऊल मागं सरली. केलेपीला आपण काय बोललो ते कळलं असावं, पण आता मागं फिरणं त्याला जमेना. त्यानं माझा हात चाकावरून उचलला आणि बाजूला केला. जोरात नाही. पण केला.

ट्रकचं दार उघडलं. मानासे उतरला. त्याचे गुडघे गेले आहेत, त्याला चालायला वेळ लागतो. तो आला आणि माझ्या आणि केलेपीच्या मध्ये, ओल्या सिमेंटवर, माझ्याकडे पाठ करून बसला. इतक्या जवळ तो माझ्या लहानपणानंतर आला नव्हता. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं.

"काय म्हणालास?" त्यानं मुलाला विचारलं.

"बाबा, धंदा बुडतोय."

"ते नाही. आधी काय म्हणालास ते परत म्हण."

केलेपी चाकावरचं गोणपाट नीट करायला लागला.

"माझी बहीण चाक मागते, चाक दे. वखार मागेल तर वखार दे. तुला मागेल तर तिच्या घरी जाऊन अंगण झाड. मी हे पन्नास वर्षं केलं, आणि मला वाटलं तू बघून शिकला असशील." मग त्यानं मान न वळवता हाक मारली, "सोआकाई, माझ्या बहिणीला विचार, तिला लोखंड खायचंय का."

सोआकाई माझ्याकडे वळला, घाम पुसत. "आजी, ते विचारताहेत—"

"मी बहिरी नाही. त्याला सांग, लोखंड नको. आधी तो ओटा नीट करायचा, भेगा बुजवून, कड बांधून, म्हणजे निथळलेलं औषध मातीत न जाता परत टाकीत जाईल. फळी ठिबकायची थांबल्याशिवाय कुणी तिला शिवायचं नाही, बोट गेली तर गेली."

"ते म्हणताहेत, बोट गेली तर—"

"ऐकलं," मानासे म्हणाला. "पुढं?"

"प्रत्येकीला कोपरापर्यंतचे मोजे आणि बूट. फाटले की नवे, मागावं न लागता. शेडच्या बाहेर नळ आणि साबण. आणि तुकडा एकही फाटकाबाहेर जाणार नाही. तो कुठं पुरायचा ते सोआकाई सांगेल, आणि सोआकाई सांगेल ते केलेपीनं ऐकायचं, जणू काही मीच बोलते आहे."

सोआकाईनं हे शब्द सांगायला तोंड उघडलं आणि शेवटच्या वाक्यावर त्याचा आवाज बसला. स्वतःच्या तोंडानं स्वतःला असा मान देणं त्याला जमेना. फुसीनं त्याच्यासाठी ते ओरडून सांगितलं.

"मोज्यांनी फळी निसटते," केलेपी पुटपुटला.

"तू मोजे आणलेसच कुठं?" फुसी म्हणाली. "एक जोडी आणली होतीस, ती तूच घालून फिरत होतास!"

कुणी हसलं नाही. मानासेनं केलेपीकडे इतका वेळ बघितलं की केलेपीनं स्वतःचे हात पाठीमागं घेतले. ते गोरे, गुळगुळीत, भोकाशिवायचे हात होते.

ओटा व्हायला महिना लागला, आणि तोवर दुसरं चाकही माझ्याच अंगणात पडून होतं. त्या महिन्यात मी सगळ्या बेटाच्या शिव्या खाल्ल्या, आणि परसातले सगळे कंद संपले. मग मी दोन्ही चाकं परत पाठवली. सोआकाई आता पाटीवर कुणाला रेनकोट टांगू देत नाही. फळ्या आठवडा-आठवडा ओट्यावर पडून असतात. दोन बोटी चुकल्या. व्यापारी काही फिजीला गेला नाही, कुरकुर करत थांबला. हिंगानो कामाला जाते. भोकं भरून येताहेत, पण उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत आणि मिटणार नाहीत, असं दवाखान्यातली नर्स म्हणाली. हिंगानो माझ्याशी बोलते आता, पण मोजून बोलते.

केलेपी मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही. रीत म्हणून रविवारी उमूतलं पहिलं ताट आणून दारात ठेवतो, चांगल्या कोरड्या जळणावर शिजवलेलं, आणि वळतो. गेल्या रविवारी मी त्याला थांबवलं आणि विचारलं, ओट्याची कड परत फुटली म्हणतात, खरं का?

"खरं," तो म्हणाला. "आणि ऐक, आत्या. बाबा आहेत तोवर मी करतो. तू आहेस तोवर करतो. तुम्ही दोघं गेलात की तो ओटा मी उखडून टाकणार आहे."

"टाक की," मी म्हटलं. "पण माझ्यामागं हिंगानो आहे. बहिणीच्या लेकराचा हक्क बहिणीहून दोन बोटं जास्तच असतो, बापाला विचार. तिचे हात तू खराब केलेस. जीभ तिची शाबूत आहे."

आत हिंगानो भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. केलेपीनं दाराकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिमेंट मंगळवारी येतंय."